मैदानावरील सल्ले आणि पद्धतशीर आढाव्याची चाळणी

(द्वितीय वर्ष, कला)

क्रीडांगणावर जेवढे सल्ले फुकट मिळतात तेवढे अन्यत्र क्वचितच मिळत असतील. धावण्यापूर्वी पाय चांगले ताणून घ्यावेत म्हणजे दुखापत होत नाही, असे एक जण सांगतो. पाय मुरगळला तर लगेच बर्फ लावावा, असे दुसरा सांगतो. तिसरा म्हणतो, बर्फ मुळीच नको, आंबेहळद उगाळून गरम लेप द्यावा. चौथ्याच्या मते या सगळ्यापेक्षा मालीश उत्तम. गंमत अशी की, हे चौघेही सारख्याच ठामपणे बोलतात आणि चौघांजवळही आपापल्या सल्ल्याने बरा झालेला एखादा खेळाडू उदाहरणादाखल तयार असतो.

ज्यांना प्रशिक्षक आणि डॉक्टर लाभले आहेत त्यांचे एक वेळ ठीक आहे. परंतु आमच्या भागातील खेड्यांतून पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर धावणारी जी मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करीत असतात, त्यांच्यापाशी शेजारी धावणाऱ्याच्या सल्ल्यापलीकडे काय असते? भरतीच्या मैदानी परीक्षेत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटर धाव आणि गोळाफेक असते. ऐन परीक्षेच्या महिन्यात नडगी दुखू लागली तर पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते, आणि तोपर्यंत घरच्यांनी धरलेली आशाही थांबून राहते. तेव्हा मैदानावरचा सल्ला खरा की खोटा, हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाही.

या प्रश्नाचा छडा लावण्याची एक रीत संशोधकांनी गेल्या काही दशकांत बसविली आहे. तिला 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' असे म्हणतात. आपण तिला 'पद्धतशीर आढावा' म्हणू. मी मानसशास्त्राचा विद्यार्थी आहे, वैद्यकाचा नाही. तरीही हा विषय निवडण्याचे कारण असे की, या पद्धतीचा एक मोठा धागा आमच्या कलाशाखेतूनच गेलेला आहे, हे पुढे येईलच.

प्रथम 'अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग' या नावाविषयी थोडेसे. आपल्याकडे 'ट्रेनर' म्हटले की सराव घेणारा गुरू डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत मात्र 'अ‍ॅथलेटिक ट्रेनर' म्हणजे खेळाडूला दुखापत होऊ नये म्हणून काळजी घेणारा, झाल्यास मैदानावर प्रथमोपचार करणारा आणि त्याला पुन्हा खेळण्याजोगा करणारा व्यावसायिक. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० साली कॅन्सस सिटी येथे स्थापन झाली आणि १९९० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने हा आरोग्यसेवेचा एक व्यवसाय म्हणून मान्य केला. या माणसाला मैदानाच्या कडेला उभे राहून काही मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो. त्या घाईत तो शंभर शोधनिबंध कसे वाचणार? म्हणून कोणीतरी ते आधीच वाचून, पारखून, त्यांचा निष्कर्ष त्याच्या हाती द्यावयास हवा. पद्धतशीर आढाव्याचे प्रयोजन ते हेच.

आता कोणी म्हणेल, यात नवीन ते काय? प्रत्येक प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात 'पूर्वसंशोधनाचा आढावा' असतोच की! असतो खरा, पण तो कसा लिहिला जातो हे आपण सर्व जण जाणतो. ग्रंथालयात हाताला लागलेली पाच पुस्तके, सरांनी सुचविलेले दोन लेख, आणि आपल्या मताला अनुकूल असलेले तिसरे-चौथे कोठूनतरी मिळविलेले, एवढ्यावर तो उभा राहतो. त्यात लबाडी असतेच असे नाही. पण अमुक लेख का घेतला आणि तमुक का सोडला, हे वाचकाला कधीच कळत नाही.

माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. त्यामुळे धान्याचा सौदा कसा होतो हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. नवखा गिऱ्हाईक पहिल्या पोत्याच्या तोंडाशी हात घालतो, मूठभर हरभरा तळहातावर पसरतो आणि खूश होतो. मुरलेला व्यापारी तसे करीत नाही. तो टोकदार लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसून नमुना काढतो. थप्पीतली मधली आणि तळाची पोतीही काढावयास लावतो. कारण चांगला माल वर आणि बारीक, डागी माल खाली, असे होतच असते. संशोधनाचेही तसेच आहे. ज्या प्रयोगात उपाय गुणकारी ठरला तो नियतकालिकांत लवकर छापला जातो, त्याची चर्चाही होते. ज्यात काहीच निष्पन्न झाले नाही तो पुष्कळदा संशोधकाच्या टेबलाच्या खणातच राहतो. वरवर हात घालणाऱ्याच्या मुठीत म्हणूनच नेहमी चांगलेच दाणे येतात.

पद्धतशीर आढावा म्हणजे हा तळापर्यंत नळी खुपसण्याचा उद्योग होय. मात्र त्याला एक अट आहे, आणि माझ्या मते या साऱ्या पद्धतीचा जीव त्या अटीत आहे. नळी कोठे कोठे खुपसायची, कोणता दाणा मोजायचा आणि कोणता बाजूला टाकायचा, हे सर्व माल पाहण्यापूर्वी लिहून ठेवावे लागते. निकाल पाहून मग नियम करणे येथे निषिद्ध आहे. आरोग्यविषयक आढाव्यांचे असे आराखडे आगाऊ नोंदविण्यासाठी इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाने २०११ साली 'प्रॉस्पेरो' नावाची नोंदवहीच उघडली. तेथे आराखडा नोंदवून पुढे गुपचूप नियम बदलले तर कोणालाही तो आराखडा काढून विचारता येते.

या पद्धतीचा इतिहास मोठा आहे. तो येथे धावताच घेतो. जेम्स लिंड या आरमारी वैद्याने १७४७ साली स्कर्व्हीच्या बारा रोग्यांवर निरनिराळे उपाय करून पाहिले, हे शाळेच्या पुस्तकांतूनही येते. पण १७५३ साली ग्रंथ लिहिताना त्याने त्या रोगावर पूर्वी जे जे लिहिले गेले होते तेही गोळा करून पारखले होते, याची आठवण फारशी कोणी ठेवीत नाही. पुढे १९०४ साली कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाने विषमज्वराच्या लसीविषयी ब्रिटिश फौजेतील वेगवेगळ्या ठिकाणांचे आकडे एकत्र करून पाहिले. त्यांत दक्षिण आफ्रिकेबरोबर हिंदुस्थानातील फौजेचेही आकडे होते. आणि १९७६ साली जीन ग्लास या अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञाने अशा एकत्रीकरणाला 'मेटा-अ‍ॅनालिसिस' हे नाव दिले. त्याचा विषय औषध नव्हता, मानसोपचार होता. मानसोपचाराने माणसाला खरोखर बरे वाटते काय, या वादात त्याने आणि मेरी स्मिथ यांनी १९७७ साली सुमारे पावणेचारशे अभ्यासांची बेरीज मांडली. ज्या आयझेंकचे नाव आम्ही व्यक्तिमत्त्वाच्या प्रकरणात पाठ करतो, त्याने या बेरजेची मनसोक्त टर उडविली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, चांगले-वाईट अभ्यास एका पातेल्यात ढवळले म्हणून त्यातून सत्य निघत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? हा आक्षेप खोटा नव्हता. पुढच्या संशोधकांनी तो मनावर घेतला म्हणूनच आजच्या आढाव्यात प्रत्येक अभ्यासाची गुणवत्ता आधी तपासली जाते.

वैद्यकात या कार्याला ज्यांचे नाव मिळाले ते आर्ची कॉक्रन हे स्कॉटलंडचे डॉक्टर. १९७९ साली त्यांनी आपल्याच व्यवसायावर ठपका ठेवला की, प्रत्येक शाखेतील सर्व चाचण्यांचा चिकित्सक सारांश काढून तो वेळोवेळी अद्ययावत करण्याची व्यवस्था आपण केलेली नाही. १९८८ साली ते वारले. १९९३ साली ऑक्सफर्डमध्ये त्यांच्या नावाने जी संस्था उभी राहिली तिचे आढावे आज जगभर प्रमाण मानले जातात.

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. व्यायामापूर्वी पाय ताणावेत की नाही? आपल्या प्रत्येक शाळेत, एन.सी.सी.च्या कवायतीत आणि कबड्डीच्या सामन्यापूर्वी हे ताणणे चालते. सिडनी विद्यापीठातील रॉबर्ट हर्बर्ट व मायकेल गॅब्रिएल यांनी या प्रश्नाचा पद्धतशीर आढावा घेतला. तो २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला.

पहिली पायरी प्रश्न मांडण्याची. 'स्ट्रेचिंग चांगले की वाईट?' हा प्रश्नच नव्हे, ती गप्पांची सुरुवात झाली. प्रश्नाला चार अंगे लागतात. माणसे कोण? उपाय नेमका कोणता? तुलना कशाशी? आणि मोजायचे काय? येथे व्यायाम करणारी माणसे, व्यायामापूर्वी किंवा नंतर स्नायू ताणणे, न ताणणाऱ्यांशी तुलना, आणि मोजायचे ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग भरून येणे व दुखापत होणे. यांतील एक जरी अंग सैल राहिले तरी पुढे सगळाच घोटाळा होतो. उदाहरणार्थ, पुष्कळ जण 'वॉर्मिंग-अप' आणि 'स्ट्रेचिंग' एकच समजतात. हळूहळू धावून, हातपाय हलवून शरीर तापविणे वेगळे, आणि एका जागी उभे राहून स्नायू ओढून धरणे वेगळे. आढावा दुसऱ्याविषयी आहे. तो वाचून कोणी पहिले सोडून दिले तर दोष आढाव्याचा नव्हे.

दुसरी पायरी शोधाची. संशोधक वैद्यकीय व क्रीडाविषयक निबंधांच्या अनेक सूच्या ठरावीक शब्दांनी चाळतात. सापडलेल्या निबंधांच्या संदर्भयाद्या पुन्हा चाळतात. हे शब्दही लिहून ठेवावे लागतात, म्हणजे दुसऱ्या कोणाला तोच शोध पुन्हा घेता यावा. मग निवड. चांगल्या आढाव्यात ती दोन माणसे एकमेकांना न विचारता स्वतंत्रपणे करतात आणि मतभेद झाल्यास तिसऱ्याला पंच नेमतात. किती निबंध सापडले, किती गाळले, कोणत्या कारणासाठी गाळले, याचा हिशोब द्यावा लागतो. २००९ साली ठरलेल्या व २०२० साली सुधारलेल्या 'प्रिझ्मा' नियमावलीत अशी २७ कलमे आहेत. ती येथे देऊन वाचकांना कंटाळा आणीत नाही.

तिसरी पायरी पारखण्याची, आणि ही मला सर्वांत मोलाची वाटते. फिजिओथेरपीच्या चाचण्यांसाठी सिडनी येथे १९९९ साली सुरू झालेल्या 'पेड्रो' नावाच्या संग्रहात प्रत्येक चाचणीला गुण दिलेले असतात. अकरा प्रश्न विचारतात, त्यांपैकी दहांचे गुण धरतात. माणसांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते काय? चिठ्ठी काढणाऱ्याला पुढची चिठ्ठी कोणाची ते आधी कळत होते काय? दुखापत मोजणाऱ्याला हा कोणत्या गटातला हे ठाऊक होते काय? मध्येच सोडून गेलेले किती?

चिठ्ठ्यांचा एवढा आग्रह का, असे वाटेल. समजा, एखाद्या तालमीत जे आपणहून ताण देतात आणि जे देत नाहीत अशांची तुलना केली. आपणहून ताण देणारा बहुधा शिस्तीचा असतो, वेळेवर झोपतो, दुखले तर थांबतो. त्याला कमी दुखापती झाल्या तर श्रेय ताणाला द्यायचे की शिस्तीला? चिठ्ठ्या टाकल्या की शिस्तीचे व बेशिस्त दोन्ही गटांत सारखे विखुरतात आणि उरतो तो केवळ ताणाचा फरक. साधी युक्ती आहे, पण तिने भल्याभल्यांची मते बदलली आहेत.

हर्बर्ट-गॅब्रिएल यांच्या आढाव्यात दुखापतीविषयीच्या दोनच चाचण्या टिकल्या. दोन्ही ऑस्ट्रेलियन सैन्यातील नव्या शिपायांवर झालेल्या होत्या. त्यांपैकी मोठी, २००० साली प्रसिद्ध झालेली, १५३८ पुरुष शिपायांची होती. बारा आठवड्यांचे लष्करी प्रशिक्षण. दोन्ही गटांनी शरीर तापविण्याचे व्यायाम केले. एका गटाने त्याशिवाय पायाच्या सहा मोठ्या स्नायूगटांना देखरेखीखाली प्रत्येकी २० सेकंद ताण दिला. अखेरीस ताण देणाऱ्या गटात १५८ आणि न देणाऱ्या गटात १७५ शिपायांना कमरेखालच्या दुखापती झाल्या.

येथे क्षणभर थांबावे. १५८ आणि १७५! म्हणजे ताणाचा फायदा झालाच की! पण ताण देणाऱ्या गटात माणसे ७३५ होती आणि दुसऱ्यात ८०३. टक्केवारी काढली तर एकीकडे २१.५ आणि दुसरीकडे २१.८ येते. नुसते दुखापतींचे आकडे सांगून आणि माणसांची संख्या दडवून कोणीही वर्तमानपत्रात मथळा सजवू शकेल. आकडा ऐकला की 'कितींपैकी?' असे विचारण्याची सवय आम्हां विद्यार्थ्यांना शाळेतच लावावयास हवी होती.

पुढची पायरी बेरजेची. ही साधी सरासरी नव्हे. ज्या चाचणीचे उत्तर अधिक नेमके, तिला अधिक वजन मिळते. दोन्ही सैनिकी चाचण्या एकत्र केल्यावर ताणामुळे दुखापतीचा धोका ५ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले. परंतु संशोधक एकच आकडा देऊन थांबत नाहीत. खरे उत्तर साधारण कोणत्या टप्प्यात असेल तेही सांगतात. हा टप्पा २२ टक्के घट ते १६ टक्के वाढ असा होता. म्हणजे फायदा असेलही, नुकसानही असेल, पण जे काही असेल ते फार मोठे नाही. आणि समजा, ५ टक्क्यांची घट खरीच मानली, तर? या शिपायांतील पाचांपैकी सुमारे एकाला तीन महिन्यांत दुखापत होत होती. त्या हिशोबाने एक दुखापत टाळण्यासाठी सुमारे १०० माणसांनी बारा आठवडे ताण द्यावा लागतो. आढावाकारांनी हे गणित पुढे नेऊन सांगितले की, एकाच माणसाने ती एक दुखापत टाळायची म्हटली तर त्याला सरासरी २३ वर्षे ताणत राहावे लागेल! एवढ्या वर्षांत शिपाई निवृत्तीला येतो.

अंग भरून येण्याचे उत्तरही असेच निघाले. दुखणे १०० मिलिमीटरच्या रेघेवर खूण करून मोजतात. एका टोकाला 'मुळीच नाही' आणि दुसऱ्याला 'असह्य'. पाच चाचण्यांची बेरीज केल्यावर चोवीस तासांनंतर ताणामुळे दुखण्यात पडलेला फरक ०.९ मिलिमीटर एवढा आला. पेन्सिलीच्या रेघेची जाडी म्हणा ना!

येवढ्यावर कोणी 'स्ट्रेचिंग निरुपयोगी, सिद्ध झाले' अशी आरोळी ठोकील. आढावा तसे म्हणत नाही. आढावा नेहमी 'आजवर जे सापडले त्यावरून' एवढेच म्हणतो, आणि नवे सापडले की पुन्हा उघडतो. कॉक्रनच्या संस्थेने याच विषयाचा आढावा २००७ साली काढला तेव्हा त्यात दहा चाचण्या होत्या, सर्व लहान. २०११ साली तो सुधारला तेव्हा बारा झाल्या, आणि त्यांत एक २३७७ माणसांची मोठी चाचणी आली. या चाचणीत व्यायामाच्या आधी व नंतर दोन्ही वेळा ताण देणाऱ्यांचे आठवड्यातील सर्वाधिक दुखणे १०० पैकी सरासरी ४ गुणांनी कमी भरले. अल्प, पण शून्य नव्हे. एकूण दुखापती कमी झाल्या नाहीत. मात्र स्नायू, अस्थिबंध आणि कंडरा यांच्या दुखापती ताण देणाऱ्यांत थोड्या कमी नोंदल्या गेल्या. आता येथे पारखण्याची पायरी पुन्हा उपयोगी पडते. ही चाचणी इंटरनेटवरून घेतलेली होती आणि माणसे आपले दुखणे आपणच कळवीत होती. आपण ताण दिला आहे हे त्यांना ठाऊकच होते, कारण आपला पाय आपल्या नकळत ताणला गेला असे तर होऊ शकत नाही. ज्याने मेहनत केली त्याला थोडे बरे वाटल्यासारखे होणे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगावयास नको. फरक खरा की मनाचा, याचा निवाडा या चाचणीवरून पुरता होत नाही.

बर्फाची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि ती मुद्दाम शेजारी ठेवण्यासारखी आहे. विश्रांती, बर्फ, घट्ट पट्टी आणि पाय उंच ठेवणे या चौकडीला 'राइस' हे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७८ सालच्या आपल्या पुस्तकात दिले. ते नाव जगभर गेले. पुढे बर्फाने आणि पूर्ण विश्रांतीने बरे होणे लांबतही असेल, असे म्हणून मर्किन यांनीच आपला सल्ला मागे घेतला. मग पुरावा काय सांगतो? २००४ सालच्या एका आढाव्यात बर्फाच्या २२ चाचण्या तपासल्या गेल्या. पेड्रोच्या मापाने त्यांना १० पैकी सरासरी ३.४ गुण मिळाले. आमच्या विद्यापीठात एवढ्या गुणांवर कोणी पास होत नाही. २०१२ साली अमेरिकन अ‍ॅथलेटिक ट्रेनर संघटनेच्या नियतकालिकात मुरगळलेल्या घोट्यावरील 'राइस'चा आढावा आला. त्यात ११ चाचण्या आणि ८६८ रुग्ण होते. आणि निष्कर्ष हा की, उपाय गुणकारी की नाही हे ठरविण्याइतका पुरावाच नाही.

वाचकमित्रहो, या दोन उत्तरांतील भेद लक्षात घ्यावा. ताणाच्या बाबतीत हजारो माणसांवर बऱ्यापैकी चाचण्या झाल्या आणि फरक लहानच सापडला. तेथे 'फार उपयोग दिसत नाही' असे म्हणता येते. बर्फाच्या बाबतीत चाचण्याच कच्च्या. तेथे 'उपयोग नाही' असे म्हणता येत नाही, 'ठाऊक नाही' एवढेच म्हणता येते. साक्षीदारांनी आरोपी निर्दोष असल्याचे सांगणे निराळे, आणि साक्षीदारच कोर्टात न येणे निराळे. मैदानावर मात्र दोन्हींचे भाषांतर 'सायन्सने खोटे ठरवले' असे एकसारखे होते. अर्थात तोपर्यंत घोटा सुजलेल्या मुलाला वेदना शमविण्यासाठी थोडा वेळ कापडात गुंडाळलेला बर्फ लावू नये असे कोणताही आढावा सांगत नाही. आणि मुरगळलेल्या पायावर वजनच टाकता येत नसेल तर बर्फ की हळद या वादात न पडता डॉक्टर गाठावा, हे उघड आहे.

मग दुखापती टाळण्यासाठी काहीच कामी येत नाही काय? येते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१४ साली २५ चाचण्या आणि २६,६१० माणसे एकत्र करून निरनिराळ्या उपायांची तुलना केली. ताणाचा परिणाम जवळजवळ शून्य आला. तोल सांभाळण्याच्या व्यायामांनी दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या आणि ताकदीच्या व्यायामांनी एक तृतीयांशाहूनही खाली. बैठका काढा, म्हणणाऱ्या जुन्या वस्तादांना हे ऐकून बरे वाटेल. मात्र त्या चाचण्यांतील ताकदीचे व्यायाम म्हणजे आपल्याच बैठका, असे परस्पर समजू नये. कोणता व्यायाम, किती वेळा, कोणत्या खेळाडूंसाठी, हे मूळ निबंधात पाहावे लागते. ताकदीच्या चाचण्या संख्येने थोड्या होत्या हेही ध्यानात ठेवावे.

या पद्धतीचा खरा दुबळेपणा मला आणखी एका ठिकाणी दिसतो. आढावा कितीही कसोशीने केला तरी जे संशोधन झालेच नाही ते तो कोठून आणणार? ताणाच्या प्रश्नावर ज्यांचे पाय मोजले गेले ते ऑस्ट्रेलियन सैन्यातील पुरुष होते. त्यांना एकसारखे बूट होते, ठरलेला आहार होता, दुखले तर दाखवायला लष्करी डॉक्टर होता. आमच्या रस्त्यावर धावणाऱ्या मुलीला दहा-वीस घरच्या कामांनंतर धावायचे असते, आणि तिचे बूट बहुधा थोरल्या भावाचे असतात. हर्बर्ट यांचे २३ वर्षांचे गणित तिला जसेच्या तसे लावता येईल काय? धोका जेथे अधिक तेथे तेवढ्याच टक्क्यांच्या घटीचा लाभही अधिक. पण तिचा धोका किती, हे कोणी मोजल्याशिवाय कसे कळणार?

यासाठी साधने आपल्या आवाक्याबाहेर आहेत असेही नाही. पेड्रो आणि पबमेड हे दोन्ही संग्रह कोणालाही विनामूल्य पाहता येतात. कॉक्रनचे ग्रंथालय २००७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पैसे भरून साऱ्या देशासाठी खुले केले होते. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील संगणकावर, शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश घेऊन, एका निबंधाचा सारांश वाचावयास मला प्रथम दोन तास लागत. आता अर्धा लागतो. त्यात अवघड असते ती भाषा. विचार सरळ असतो. दोन विद्यार्थी, आधी लिहून ठेवलेला एक प्रश्न आणि एका सत्राचा अवधी एवढ्यावर लहानसा आढावा होऊ शकेल. क्रीडा विभागाने आणि मानसशास्त्र विभागाने मिळून तो घ्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

प्रश्न मी चार अंगांसह येथे मांडून ठेवतो. माणसे : सतरा ते पंचवीस वर्षे वयाची, भरतीसाठी धावण्याचा सराव नव्याने सुरू केलेली मुले व मुली. उपाय : दर आठवड्याला धावण्याचे अंतर थोडे थोडे वाढविणे. तुलना : पहिल्या दिवसापासून पूर्ण १६०० किंवा ८०० मीटर धावणाऱ्यांशी. मोजायचे ते : पहिल्या तीन महिन्यांत नडगीच्या दुखण्यामुळे सराव किती दिवस बंद ठेवावा लागला. प्रथम जगात या प्रश्नावर काय सापडते ते पाहावे. त्यात बूट नसलेल्या पायांविषयी काहीच सापडले नाही, तर तेही आढाव्यात तसेच लिहावे.